दहा बाय आठचा कारखाना

बँकेतून मी २०२१ च्या जूनमध्ये निवृत्त झालो आणि मला सल्ला देणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. कोणी सकाळी टेकडीवर चला म्हणाले, कोणी ज्ञानेश्वरीच्या वर्गाला नाव घातले, तर एका मेहुण्यांनी शेअरबाजाराची गोडी लावण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. मी सर्वांना हो म्हणालो आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. माळ्यावर वडिलांची पेटी होती.

वडील सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत सुतारकामाचे शिक्षक होते. शाळेत सुतारकाम शिकवीत असत हे आजच्या मुलांना थापच वाटेल. पण १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, मुलांनी हाताच्या उद्योगातून शिकावे असा विचार तिथे पक्का झाला, आणि पुढे मूलोद्योग म्हणून कुठे सूतकताई, कुठे शेती, तर कुठे सुतारकाम शाळांत आले. त्या पेटीत दोन लाकडी रंधे, पाच पटाश्या, तीन करवती, एक गुण्या, एक वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता निघाला. सगळे गंजलेले. मी लहान असताना वडील गुण्या हातात देऊन म्हणत, "आधी काटकोन बघ." मी तो कधीच नीट बघितला नाही, म्हणून बँकेत गेलो.

आता वेळ होता, थोडा पैसाही होता, आणि मुलगा बंगळुरूला गेल्यामुळे त्याची अभ्यासाची खोली मोकळी होती. दहा फूट लांब, आठ फूट रुंद. मी हुरळलो. दोन महिन्यांत एक लहान टेबलकरवत, एक हातात धरायची गोल करवत, ड्रिल, घासण्याचे यंत्र असा सारा लवाजमा आणून टाकला आणि जिथे जे मावेल तिथे ते ठेवून दिले. टेबलकरवत भिंतीला लागून, कारण मधे ठेवली तर चालायला जागा उरेना. कपाट तिच्या शेजारी. विजेचे बटण करवतीच्या पलीकडच्या भिंतीवर. करवतीचा स्वतःचा खटका महिन्याभरात बिघडला होता. तो दुरुस्त करण्याचा कंटाळा, म्हणून मी भिंतीवरच्या बटणावरच काम भागवीत असे.

२०२२ च्या जानेवारीतली गोष्ट. अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची एक पट्टी मी करवतीवर लांबीने कापीत होतो. अर्धी कापून झाल्यावर पट्टीचे पुढचे टोक कपाटाला जाऊन टेकले. हे आधी पाहायला हवे होते, पण पाहिले नव्हते. पट्टी तिरकी झाली, पाते अडकले आणि यंत्र ओरडू लागले. बंद करायचे तर बटण पलीकडे. मी उजव्या हाताने पट्टी दाबून धरली आणि डावा हात चालत्या पात्यावरून भिंतीकडे नेला. त्याच क्षणी पट्टी उसळून मागे आली.

सात टाके पडले. डाव्या हाताच्या तर्जनीचे टोक वाचले, पण त्याला स्पर्श कळत नाही, तो आजतागायत नाही. गरम कपाला ते बोट लागले तर मला ते फोड आल्यावर समजते.

दवाखान्यात सौभाग्यवती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिने त्या खोलीला बाहेरून कडी घातली. मी म्हटले, विकून टाकतो सगळे. त्यावरही ती गप्प. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एक विचारू? पेटलेल्या गॅसच्या वरून हात नेऊन मिठाचा डबा काढताना मला कधी पाहिलंय?"

मी म्हटले, नाही.

"मग तुम्ही बटण पलीकडे का ठेवलंत? सगळं सामान लावलंत तुम्ही. स्वतः उभं कुठे राहायचं, तेवढं ठरवायचं राहिलं."

सदतीस वर्षांच्या संसारात मला इतके बिनतोड क्वचितच कोणी ऐकवले असेल.

खोलीची कडी उघडण्यासाठी तिने तीन अटी घातल्या. तिला दमा आहे. तेव्हा भुशाचा एक कणही दिवाणखान्यात येता कामा नये. आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ अंथरुणाला खिळून असतात. त्यांची दुपारची झोप मोडता कामा नये. आणि तिसरी अट अशी, की पुढचा खिळा भिंतीत जाण्यापूर्वी खोलीचा नकाशा तिला दाखवायचा. पहिल्या दोन अटी मला न्याय्य वाटल्या. तिसरी अपमानकारक वाटली, आणि सर्वात उपयोगी तीच ठरली.

तिचे म्हणणे असे, की सुताराची खोली आणि स्वयंपाकघर यांत तसा फरक नाही. कच्चा माल एका बाजूने येतो, धुतला-चिरला जातो, शिजतो, पानात पडतो. मधे खरकटे निघते ते वेगळे काढावे लागते. मी जरा वाचन केले तेव्हा कळले, की पाश्चात्त्य देशांत हा विचार शंभर वर्षांमागेच झाला होता. अमेरिकेतल्या फ्रँक गिलब्रेथ या गृहस्थाने वीट रचणाऱ्या गवंड्याच्या हालचाली मोजल्या आणि एका विटेमागे अठरा होत्या त्या पाचांवर आणल्या. त्याच्या पश्चात त्याची पत्नी लिलियन हिने हीच दृष्टी स्वयंपाकघराकडे वळविली. आणि १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुशिल्पी बाईने फ्रँकफुर्ट शहरातल्या कामगारांच्या नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले: सुमारे एकोणीसशे मिलिमीटर रुंद आणि चौतीसशे मिलिमीटर लांब, म्हणजे आपल्या हिशेबी सव्वासहा बाय अकरा फूट. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातले इवलेसे स्वयंपाकघर पाहून तिने धडा घेतला आणि घड्याळ लावून बायकांची पावले मोजली. तशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. माझी खोली तिच्यापेक्षा मोठीच होती. म्हणजे जागा नाही ही सबब संपली.

आपल्याकडच्या जुन्या सुताराला तर खोलीच लागत नसे. झाडाच्या सावलीत जमिनीत पुरलेला एक ओंडका, त्याच्यापुढे मांडी घालून बसलेला सुतार, पायाच्या अंगठ्याने धरलेले लाकूड आणि हात लांबवला की सापडतील अशी चार हत्यारे. बसल्या जागी हात जितका पोचेल तितका त्याचा कारखाना. वडील शाळेत उभ्याने काम शिकवीत, पण घरी स्वतःचे काम मात्र असेच बसून करीत. माझे गुडघे आता तसे बसू देत नाहीत, नाहीतर हा लेख इथेच संपला असता.

असो. आम्ही आलेखाचा कागद घेतला. एक इंच म्हणजे एक फूट असे प्रमाण धरले आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून प्रत्येक वस्तूचा तुकडा कापला. माझी चूक पहिल्याच संध्याकाळी उघडी पडली. मी करवतीसाठी दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा कापला होता. सौभाग्यवती म्हणाली, "ही झाली झोपलेल्या करवतीची जागा. जागी झाल्यावर किती लागते?"

वाचकांपैकी ज्यांना असा छंद जडला असेल किंवा जडण्याच्या बेतात असेल, त्यांनी हा प्रश्न जपून ठेवावा. प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ फूट बाय चार फूट असतो. तो टेबलकरवतीवर लांबीने कापायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे हवेत, म्हणजे मधले यंत्र धरून सतरा-अठरा फूट झाले. दहा फुटांच्या खोलीत हे गणित बसणेच शक्य नाही. दार उघडे टाकून तक्ता बोळातून दिवाणखान्यापर्यंत नेता आला असता, पण मग पहिल्या अटीचे काय? भुसा सरळ दम्याच्या पंपाशेजारी जाऊन बसला असता. दोन दिवस आम्ही पुठ्ठ्याचे तुकडे सरकवीत बसलो.

शेवटी उत्तर सापडले ते असे, की तक्ता घरात आणायचाच नाही. आमच्याकडे भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे. तिथे तक्ता घेतानाच कापून मिळतो. घरून मापे लिहून न्यायची, लांब काप तिथेच मारून घ्यायचे. माप अर्धा इंच वाढवून द्यावे आणि शेवटचा काप घरी घ्यावा, कारण वखारीतला कापणारा घाईत असतो. कधी मोठा तक्ता आलाच, तर तो जमिनीवर जाड थर्मोकोल अंथरून त्यावर ठेवायचा, पाते तक्त्याच्या जाडीपेक्षा जेमतेम सुताभर खाली राहील असे बसवायचे आणि हातातली गोल करवत त्यावरून चालवायची. तेव्हा लाकूड स्थिर राहते आणि हत्यार फिरते. लहान जागेत हेच बरे. टेबलकरवतीवर चार फुटांहून लांब काही चढवायचे नाही असा नियम केला. चार फूट अलीकडे, चार फूट पलीकडे, मधे पाते. दहा फुटांत हे जेमतेम बसते, पण बसते.

आता करवतीचे तोंड कुठे करायचे? दक्षिणेच्या भिंतीला दार आणि समोर उत्तरेला खिडकी. मी साहजिकच खिडकीकडे तोंड करून काम करणार होतो. उजेड समोरून, बाहेर बदामाचे झाड. पण मग दाराकडे पाठ होते. सुटीत आमची नात येते, आणि ती दार वाजवून आत येणाऱ्यांपैकी नाही. चालत्या पात्याशी उभा असताना पाठीमागून कोणी "आजोबा!" म्हणून हाक मारली तर काय होईल याचा विचार करा. म्हणून मी उभा राहतो तो खिडकीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून. पात्याच्या रेषेत उभे राहायचे नाही, तर जरा डाव्या बाजूला. कारण अडकलेले लाकूड त्याच रेषेत मागे उसळते, हे मला कोणी शिकवायला नको. पाठीमागून उजेड आला की आपलीच सावली कामावर पडते. त्यावर उपाय म्हणून वर एक नळीचा दिवा लावला. करवतीला कुलुपाची चाके बसवली; एरवी ती पश्चिमेच्या भिंतीला झोपलेली असते, काम असले की मधे येते. खटका नवा बसवला, तोही समोर, मांडीच्या उंचीवर, मोठ्या लाल बोंडाचा. दोन्ही हात गुंतलेले असले तरी मांडीने दाबून यंत्र बंद करता येते.

खोलीचे दार आत उघडत होते. अडीच फुटांचे दार पाव वर्तुळ फिरते तेव्हा जवळजवळ पाच चौरस फूट जागा खाते, आणि ऐंशीमधले पाच गेले म्हणजे थोडे नव्हे. बिजागऱ्या काढून ते बाहेर उघडेल असे केले. खाली फटीला रबरी पट्टी ठोकली.

सुतारकामाचा बाक हा मात्र या खोलीचा यजमान. यंत्रे विकली तरी चालेल, पण बाक हवा. उजव्या हाताच्या माणसाला उजेड डावीकडून यावा, कारण खुणेची रेघ आपल्या हाताच्या सावलीत बुडता कामा नये. खिडकी उत्तरेला, म्हणून बाक पूर्वेच्या भिंतीला; तोंड पूर्वेला केले की उत्तर डावीकडे येते. बाक पाच फूट लांब, दोन फूट रुंद, आणि भिंतीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे दोन्ही अंगांना अडीच-अडीच फूट मोकळे. लाकूड पकडायचा शेगडा डाव्या टोकाला. आठ फुटांची फळी रंधायची झाली तरी ती दोन्हीकडे निघून राहते आणि कशाला अडत नाही. पूर्वी मी बाकाच्या डाव्या टोकाशी रंगाचे डबे रचून ठेवले होते!

उंचीबद्दल चार शब्द जास्त लिहितो, कारण इथे माझ्या घरात एक निराळेच प्रकरण निघाले. सरळ उभे राहून हात सैल सोडावेत. मनगटाची सुरकुती जमिनीपासून जितकी वर, तितका बाक उंच असावा. माझ्या बाबतीत ते माप साडेबत्तीस इंच निघाले. ज्यांना रंधाच जास्त मारायचा त्यांनी इंचभर खाली घ्यावे, म्हणजे अंगाचा भार रंध्यावर पडतो. ज्यांना बारीक कोरीव काम करायचे त्यांनी वर घ्यावे, नाहीतर मान वाकते. मी मोजमाप करीत असताना सौभाग्यवती शेजारी उभी होती. म्हणाली, "माझ्या ओट्याचं माप कोणी घेतलं होतं?"

आम्ही टेप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ओटा पस्तीस इंच उंच. ती चार फूट अकरा इंच. तिचे कोपर जमिनीपासून सदतीस इंचांवर. कणीक मळायची, पोळी लाटायची, तर हाताखालची जागा कोपरापेक्षा सहा-सात इंच खाली हवी. इथे दोन इंचच होती. म्हणजे सदतीस वर्षे ती खांदे उचलून पोळ्या लाटीत होती. तिचा उजवा खांदा दुखतो हे मला ठाऊक होते, मी त्याला मलमही आणून देत असे. ओट्याचे माप घ्यायला हवे हे कधी डोक्यात आले नाही. ओटा बांधणाऱ्या कंत्राटदाराने सगळ्या इमारतीत एकाच उंचीने घातला होता, आणि मी त्या वेळी फक्त कडाप्पा की ग्रॅनाइट एवढेच विचारले होते.

त्या संध्याकाळी नकाशाचे काम पुढे गेले नाही.

नंतरच्या गोष्टी झपाट्याने झाल्या. हत्यारे बाकाच्या वरच्या भिंतीवर, प्लायवूडच्या फळीवर. रोजची ती खांद्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात, क्वचित लागणारी वर, जड ती खाली. प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिलीने आकृती काढून ठेवली, म्हणजे संध्याकाळी कोणती पटाशी भुशात राहिली ते भिंतच सांगते. पटाश्या मात्र वडिलांच्या पेटीतच, कुलुपात. लाकडे जमिनीवर ठेवू नयेत, भिंतीला तिरकीही टेकवू नयेत, बाक येतो. पश्चिमेच्या भिंतीवर दोन-दोन फुटांवर लोखंडी ब्रॅकेटे ठोकून त्यांवर आडवी टाकली. लाकूड पावसाळ्यात फुगते ते आडव्या अंगाने, लांबीने जवळजवळ नाहीच. मे महिन्यात गुळगुळीत सरकणारा खण जुलैत रुसून बसतो तो यामुळे. म्हणून पावसाळ्यापूर्वी खण करायचा तर जरा ढिला ठेवावा. आणि तुकडे! "कधीतरी लागेल" म्हणून जपलेल्या तुकड्यांनी माझी पहिली खोली निम्मी भरली होती. आता तुकड्यांसाठी एक पत्र्याची बादली आहे. ती भरली की वरचे काही तरी बाहेर गेल्याशिवाय नवीन तुकडा आत येत नाही. हा नियम मी दर महिन्याला मोडतो.

विजेचे काम मात्र स्वतः करू नये. दीड हजार वॅटचे यंत्र दोनशे तीस व्होल्टवर साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. घरातल्या साध्या सहा अँपिअरच्या बटणाचा तो घास नव्हे. परवानाधारक वायरमनकडून मीटरच्या फळ्यापासून जाड तारेची वेगळी जोडणी घ्यावी, सोळा अँपिअरची बटणे घ्यावीत, आणि तीस मिलिअँपिअरच्या गळतीला प्रवाह तोडणारा आर.सी.सी.बी. खटका बसवून घ्यावा. बटणे कमरेच्या उंचीवर, आणि कोणत्याही यंत्राच्या पलीकडे एकही नाही. जमिनीवरून तार लोळू देऊ नये.

भुशाचे प्रकरण मला वाटले होते त्याहून गंभीर निघाले. आपल्याला डोळ्यांना दिसतो तो भुसा तितका वाईट नाही. तो खाली पडतो, गोळा करता येतो. घासताना उडणारे बारीक पीठ दिसत नाही, ते काही तास हवेत तरंगत राहते आणि छातीत उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुरळ्याला कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. आठवड्यातून दोन तास काम करणाऱ्या माझ्यासारख्याने यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही, तो धोका वर्षानुवर्षे धुरळ्यात राबणाऱ्यांना अधिक. पण सौभाग्यवतीच्या छातीला तेवढे पीठही पुष्कळ झाले. पहिला उपाय म्हणून मी खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. चौथ्या दिवशी शेजारच्या इमारतीतल्या काकूंचा निरोप आला, की त्यांच्या वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांना शिसवी रंग चढू लागला आहे. मग भुसा ओढून घेणारा व्हॅक्यूम घेतला आणि त्याची नळी यंत्राच्या तोंडालाच जोडली. धुरळा हवेत जाण्यापूर्वीच पकडलेला बरा. घासण्याचे काम शक्यतो यंत्राने करीतच नाही. धारदार रंध्याखालून पीठ निघत नाही, कुरळ्या पातळ पट्ट्या निघतात. केरसुणी बंद, ओल्या फडक्याने पुसायचे. चांगला मास्क लावायचा, आणि कामाचा सदरा त्या खोलीतच खुंटीला अडकवून बाहेर यायचे. सोवळे-ओवळे मी जन्मात पाळले नाही, ते असे म्हातारपणी पाळतो आहे.

दुसऱ्या अटीसाठी मी खाली जाऊन त्या आजोबांच्या सुनेला भेटलो. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री दहा ते सहा पंचेचाळीस अशी आवाजाची मर्यादा २००० सालच्या नियमांत घातलेली आहे, तर करवतीशेजारी उभ्या माणसाच्या कानात नव्वदीच्या पुढे आवाज जातो. पण तिने नियम काढला नाही. ती म्हणाली, यंत्राचा आवाज त्यांना फारसा नडत नाही; ठोकल्याचा नडतो, डोक्यात ठोकल्यासारखे वाटते म्हणतात. हे खरे होते. हवेतून जाणारा आवाज खिडकी-दार लावून कमी होतो, पण ठोका बाकाच्या पायांतून फरशीत आणि फरशीतून खालच्या छतात जातो. बाकाच्या चारही पायांखाली जाड रबराचे दोन-दोन थर घातले. ठोकायचे ते बरोबर बाकाच्या पायाच्या वर, म्हणजे फळी दणाणत नाही; तो ठोका सरळ पायातून रबरावर उतरतो आणि तिथे बराच मरतो. आणि वेळ ठरवली: सकाळी दहा ते साडेबारा. आजोबा त्या वेळी अंघोळ आणि जेवणात असतात. अलीकडे एखाद्या दिवशी मी काम केले नाही, तर सून वर येऊन विचारते, काका बरे आहेत ना?

पॉलिशचे डबे मी खोलीतून हलवले. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये असते, थिनरची वाफ ठिणगीला उशीर लावत नाही, आणि यंत्राच्या मोटारीत ठिणग्या असतातच. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी चुरगळून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, हे मला फार उशिरा कळले. ती पसरून वाळवावी आणि मगच टाकावी. रंगकाम आता गच्चीवर, जिन्याच्या सावलीत.

कागदावरचा नकाशा पुरा झाला तरी मला धीर होईना. २०२२ च्या दिवाळीच्या साफसफाईत ती खोली पूर्ण रिकामी केली होती. सौभाग्यवतीने रांगोळीचा डबा आणला आणि फरशीवर खऱ्या मापाने सगळे आखले: इथे बाक, इथे करवत जागी, इथे करवत झोपलेली, इथे तुमचे पाय. नातीने त्यात आपल्याही पायांचे ठसे काढले, दाराच्या आत एक फुटावर, आणि जाहीर केले की ती तिथपर्यंत येणार. मग मी हातात चार फुटांची काठी घेऊन त्या रिकाम्या खोलीत लाकूड कापल्याचे, वळल्याचे, शेगड्यात धरल्याचे नाटक केले. दोन ठिकाणी काठी अडली. लाकडांची ब्रॅकेटे सहा इंच वर गेली आणि व्हॅक्यूम बाकाखाली गेला. पाडव्याला सामान आत आले. नातीचे ठसे मी मागाहून ऑइलपेंटने पक्के केले; करवत चालू असेल तर तिने त्या ठशांवर उभे राहून बघायचे असा आमचा करार आहे.

नव्या बाकावरचे पहिले काम काय करायचे याची चर्चा झाली नाही. ओट्याच्या सबंध लांबीची, दोन फूट रुंदीची आणि चार इंच उंचीची एक लाकडी चौकी मी केली. सबंध लांबीची एवढ्यासाठी, की अर्धीच केली तर पाऊल चुकून पडायची भीती. पुढच्या कडेला पांढरी पट्टी, वर घसरू नये म्हणून रबर, आणि खाली पाणी साचू नये म्हणून बारीक पाय. तिचे चार कोपरे मी वडिलांच्या गुण्याने तपासले. तीन बरोबर निघाले. चौथा केसभर उघडा होता. तो भिंतीकडे ठेवला.

सौभाग्यवती चौकीवर चढली, पोळपाट पुढे ओढला आणि एक पोळी लाटली. मग दुसरी. मी दारात उभा होतो.

"आता वरच्या फळीवरचा डबापण हाताला येतो," ती म्हणाली. आणि मग वाकून कोपऱ्याकडे बघत, "भिंतीकडचा कोपरा उघडा आहे, दिसलाय मला."